परमिट

खांबावर चढण्याआधी परमिट घ्यायचं असतं.
सबस्टेशनला फोन, फीडरचं नाव,
पलीकडून नंबर आला की डायरीत लिहायचा
आणि तार मेली असं समजायचं.
तरी अर्थिंग टाकायचंच.
तार मेल्याचं सोंग घेते.

बावीस वर्षं लाईनमन, वसमत.
दुसरं परमिट संध्याकाळी, नाक्यावर,
काळ्या काचेमागे.
तिथं कुणी नंबर देत नाही.

नांदेडला, डॉक्टर लेनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर
भूल देणाऱ्या काझी मॅडम
अंगठ्याएवढी बाटली उजेडात धरतात.
केटामाइन.
"तीस वर्षं देतेय. मोडलेला हात बसवताना,
जळालेल्याचं ड्रेसिंग करताना.
तुम्हाला थोडंच, हळूहळू, चाळीस मिनिटं.
झोपवायचं नाही, जरा बाजूला सरकवायचंय."

दैवशाला मांडीवर डबा घेऊन बसलेली :
"नशा सोडवायला नशेचंच विंजेक्शन?
असं कुटं असतंय का, मॅडम?"
मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे.
म्हणून तर इथंच, बोटाला मशीन लावून, मी समोर असताना.
घरी न्यायला काही नाही.
नंतर बोलायला यायचं, ते जास्त अवघड.
आणि हमी नाही.

हमी नाही ऐकून बरं वाटलं.
भस्म, माळ, चहात चोरून घालायच्या पुड्या,
हमीच्या प्रत्येक वस्तूनंतर
मी आठवड्यात प्यालो होतो.

अकरा दिवस कोरडा. उपाशीपोटी. डोळ्यांवर पट्टी.
आधी पाय गेले.
मग दैवशालाची खुर्ची करकरली, ती फार लांब,
कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यात.
मग माझं नाव गेलं. त्याचं काही वाटलं नाही.

शिजवलेल्या हळदीचा वास.
खाली पिवळी शेतं, वाळत घातलेली,
आणि कुरुंदा फीडरच्या खांबावर रसूल, हेल्पर, कंत्राटी.
खाली खाकीतला एक माणूस,
खिशात क्वार्टर, कानाला फोन :
काम झालं, परमिट परत.

काम झालं नव्हतं.

अहवालात लिहिलं होतं, अनवधान.
गावात म्हणाले, भूल झाली बिचाऱ्याकडून.
मॅडमच्या पाटीवर तोच शब्द आहे,
जिना चढताना वाचला होता.

इथवर आलं की रोज ठिणगी उडते
आणि मी ग्लास शोधतो.
आज उडाली नाही.
मी खूप वर होतो, त्या खाकीतल्या माणसाकडे बघत.
केवढासा होता.
त्याची कीव आली नाही, रागही नाही.
नुसता दिसला, पहिल्यांदाच पुरता.
रसूल वरून विचारत होता,
"लाईट आली का?"
त्याला दोन्ही हात होते.

शुद्धीवर आलो तेव्हा पट्टी ओली.
दैवशालाच्या ओंजळीत ओकलो.
जीभ जड, छत अजून थोडं हलतंय.
मॅडमनी रक्तदाब घेतला, लिहिलं,
पुढचा मंगळवार, म्हणाल्या.

एसटीतून वसमत.
काळी काच दिसली.
तहान लागली. खोटं कशाला बोलू, लागली.
पण तार आणि माणूस यांच्यात
नियमानं सोडतात तेवढी जागा
मध्ये मोकळी होती.
किती दिवस राहील, माहीत नाही.

रसूलच्या टपरीवर उतरलो.
डावी बाही खिशात खोचलेली,
उजव्या हातानं चहा गाळत होता.
नऊ वर्षं मी दुसऱ्या रस्त्यानं जात होतो.
"कामून लई दिसानं?"

मी तोंड उघडलं
आणि फक्त त्या दिवसाचा नंबर आला,
सहा आकडी, अजून पाठ.
म्हणून दाखवला.

गाळणी तशीच धरून रसूल म्हणाला,
"कशाचा नंबर हाय?"